पेशीच्या पृष्ठभागावरील शेजार

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही, असा विद्यार्थी विरळाच. आयोडीनच्या थेंबाने रंगलेल्या त्या पापुद्र्यात विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात, प्रत्येकीत एक गडद ठिपका दिसतो, आणि मग वहीत आकृती काढून बाणांपुढे नावे लिहिली जातात : पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक, पेशीपटल. यांतील शेवटचे नाव लिहिताना प्रत्येक पिढीच्या विद्यार्थ्याने थोडीशी लबाडी केलेली आहे. पेशीपटल त्याला दिसलेले नसते. ते भित्तिकेला आतून चिकटलेले असते आणि त्याची जाडी जेमतेम 5 ते 10 नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाचा यात काही दोष नाही. जगातील उत्तमोत्तम भिंगांनाही साध्या प्रकाशात सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट अॅबे यांनी 1873 मध्येच सांगून ठेवली होती. ती भिंगाच्या घडणीची नाही, प्रकाशाच्या तरंगरूपाची आहे.

अशा न दिसणाऱ्या पटलावर कोण कोणाच्या शेजारी उभे आहे, हे प्रकाशाच्याच साहाय्याने कसे कळले, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

पेशीपटल मेदद्रव्यांच्या दुहेरी थराचे बनलेले असते आणि त्यात असंख्य प्रथिने रुतलेली असतात. पेशीला बाहेरच्या जगाशी जो काही व्यवहार करायचा असतो, तो या प्रथिनांमार्फतच होतो. जीवनसत्त्व आत घेणे, संप्रेरकाचा निरोप ऐकणे, शेजारच्या पेशीला धरून ठेवणे, रोगजंतू ओळखणे ही सारी त्यांची कामे आहेत. पुष्कळदा एकटे प्रथिन हे काम करू शकत नाही. दोन-चार प्रथिने एकत्र आली, तरच आत निरोप पोहोचतो. म्हणून पृष्ठभागावर कोणती प्रथिने आहेत एवढे कळून भागत नाही. ती एकएकटी आहेत की गटाने आहेत, हे कळावे लागते. परंतु एक प्रथिन साधारण 4 नॅनोमीटर रुंद धरले, तर सूक्ष्मदर्शकाला जो सर्वांत लहान ठिपका दिसतो, त्यात दाटीने बसवल्यास अशी दीड-दोन हजार प्रथिने मावतील. त्या ठिपक्यातील दोघे एकमेकांना खेटून आहेत की चार हात दूर, हे डोळ्यांनी कसे ठरवायचे?

पहिले साधन मिळाले ते अनुस्फुरणाचे, ज्याला प्रयोगशाळांतून सर्रास फ्लुओरेसन्स म्हणतात. काही द्रव्ये एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि काही नॅनोसेकंदांत दुसऱ्या, अधिक लांब तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. 1852 मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी हे क्विनाइनच्या द्रावणावर दाखवले. हिवतापावरच्या या कडू औषधाचे द्रावण तसे पाण्यासारखे रंगहीन. पण सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण त्यावर पडले की ते निळसर उजळते. पुढे असे उजळणारे रंगद्रव्य प्रतिपिंडांना जोडण्याची युक्ती निघाली. प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटते, त्यामुळे काळोख्या पार्श्वभूमीवर नेमके हवे ते प्रथिनच दिव्यासारखे चमकू लागते.

या युक्तीचा एक अतिशय देखणा प्रयोग 1970 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्राय आणि मायकेल एडिडिन यांनी केला. त्यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी विषाणूच्या मदतीने एकमेकींत विलीन केल्या. उंदराच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना हिरवा रंग दिला, माणसाच्या प्रथिनांना लाल. विलीन झाल्याबरोबर पेशी अर्धी हिरवी, अर्धी लाल दिसत होती. 37 अंश तापमानाला चाळीस मिनिटे ठेवल्यावर बहुतेक सर्व पेशींवर दोन्ही रंग पूर्णपणे मिसळून गेले. पेशीचा ऊर्जापुरवठा रोखणारी द्रव्ये घालून पाहिली, तरी मिसळणे थांबले नाही. तापमान 15 अंशांच्या खाली नेले, तेव्हा मात्र ते रोखले गेले. निष्कर्ष स्पष्ट होता : पटल द्रवासारखे आहे, प्रथिने त्यात आपोआप वाहत फिरतात, आणि त्यासाठी पेशीला कष्ट करावे लागत नाहीत. दोन वर्षांनी सिंगर आणि निकल्सन यांनी पटलाचे जे द्रवरूप चित्र मांडले, ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे. या प्रयोगातील ऊर्जेचा तपशील श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. त्याची पुढे गरज पडणार आहे.

वाहत्या द्रवात गट टिकतील कसे, हा प्रश्न मग साहजिकच उभा राहिला. 1997 मध्ये काय सिमोन्स आणि एलिना इकोनेन यांनी एक कल्पना मांडली. कोलेस्टेरॉल आणि काही विशिष्ट मेदद्रव्ये एकत्र येऊन पटलात छोटे-छोटे तराफे तयार करतात आणि काही प्रथिने त्या तराफ्यांवर बसून एकत्र राहतात, अशी ती कल्पना होती. ती फार लोकप्रिय झाली. पण पुरावा बहुतांशी असा होता, की थंड तापमानात साबणासारख्या द्रव्याने पेशी विरघळवल्या, तर हा भाग न विरघळता मागे उरतो. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे होते की तराफे जिवंत पेशीत आहेतच कशावरून, ते त्या साबणानेच घडवले नसतील कशावरून? शंका रास्त होती. मेलेल्या, विरघळलेल्या पेशीच्या साक्षीवर जिवंत पेशीचा खटला निकाली काढता येत नाही.

या तराफ्यांवरचे नेहमीचे प्रवासी म्हणून ज्यांचे नाव घेतले जाई, ती प्रथिने जरा वेगळी आहेत. ती पटलाच्या आरपार जात नाहीत. एका साखर-मेदाच्या नांगराने ती फक्त बाहेरच्या थरात अडकलेली असतात. या नांगराला जीपीआय असे संक्षिप्त नाव आहे. आफ्रिकेतील निद्रारोगाचा परजीवी याच नांगरांनी आपल्या अंगावर प्रथिनांचे दाट चिलखत चढवतो. माणसाच्या पेशीत फॉलिक आम्ल पकडणारे एक प्रथिनही असेच नांगरलेले असते.

आता प्रश्न मोजपट्टीचा. 1948 मध्ये थिओडोर फर्स्टर यांनी दाखवले होते की दोन अनुस्फुरक रेणू अगदी जवळ असतील, तर पहिला शोषलेली ऊर्जा प्रकाश बाहेर न टाकताच दुसऱ्याला देऊन टाकतो. हे देणे अंतराच्या सहाव्या घाताने घटते : अंतर दुप्पट झाले की देण्याचा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पाच-सहा नॅनोमीटरच्या आत ही देवघेव जोरात चालते आणि दहाच्या पुढे जवळजवळ बंद पडते. 1967 मध्ये लुबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉगलंड यांनी ज्ञात लांबीच्या रेणूंच्या दोन टोकांना दोन रंगद्रव्ये जोडून हा नियम पडताळला आणि ही प्रकाशाची मोजपट्टी आहे, असे सांगितले. सूक्ष्मदर्शकाला दोन रेणू वेगळे दिसत नाहीत हे खरेच. पण देवघेव चालू आहे की नाही हे कळले, तरी शेजार सिद्ध होतो.

1998 साली या मोजपट्टीने दोन उत्तरे दिली.

बाल्टिमोर येथे अॅन केनवर्दी आणि तेच मायकेल एडिडिन यांनी जीपीआयने नांगरलेल्या एका प्रथिनावर दोन वेगळ्या रंगांचे प्रतिपिंड लावले आणि पहिल्या रंगाकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाते का, हे मोजले. ऊर्जा जात होती. पण जिथे प्रथिने विरळ तिथे कमी आणि जिथे दाट तिथे जास्त, अगदी प्रथिने यदृच्छेने विखुरलेली असावीत तशी. गट असलेच, तर त्यांत प्रथिनांचा थोडासाच अंश असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्याच वर्षी बेंगळुरूहून दुसरे उत्तर आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच एक अंग असलेल्या तेथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर यांनी प्रयोगशाळा थाटून फार दिवस झाले नव्हते. त्यांचे शिक्षण मुंबईच्या आयआयटीत झालेले, आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी काम केले होते ते त्या निद्रारोगाच्या परजीवीच्या नांगरांवरच. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रजत वर्मा यांनी 'नेचर' नियतकालिकात लिहिले की ही प्रथिने 70 नॅनोमीटरहून लहान अशा गटांत एकत्र आहेत. एकच प्रश्न, एकच भौतिक नियम, एकच वर्ष आणि परस्परविरोधी उत्तरे. दोन्हीकडचे संशोधक काटेकोर होते. कोणाचा निष्काळजीपणा दाखवून हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

बेंगळुरूच्या गटाने रंग नव्हे, तर ध्रुवण मोजले होते, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

ध्रुवण या राशीने भारतीय विज्ञानाला यापूर्वीही एकदा निर्णायक साक्ष दिली होती. 1923 मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात एक वेगळ्या रंगाची फिकट छटा आढळली. पाण्यातील अशुद्धीचे ते क्षीण अनुस्फुरण असावे, असे वाटले. पण द्रव कितीही शुद्ध केला तरी ती छटा जाईना. 1928 मध्ये लक्षात आले की हा प्रकाश तीव्रपणे ध्रुवित आहे. साध्या द्रवातील छोटे रेणू प्रकाश शोषण्याच्या आणि टाकण्याच्या मधल्या वेळात गरगर फिरतात, त्यामुळे त्यांचे अनुस्फुरण ध्रुवित राहू शकत नाही. अर्थात ही छटा अनुस्फुरण नव्हती. ज्या शोधाची आठवण म्हणून दर वर्षी 28 फेब्रुवारीला शाळाशाळांतून विज्ञान दिन साजरा होतो, त्याची ओळख पटवण्यात ध्रुवणाचा असा वाटा होता.

पेशीच्या पृष्ठभागावर नेमकी उलट स्थिती असते. मोठ्या प्रथिनाला जोडलेले रंगद्रव्य त्या चार-पाच नॅनोसेकंदांत फारसे फिरत नाही. त्यामुळे एका दिशेने कंपन पावणारा ध्रुवित प्रकाश त्यावर टाकला, तर बाहेर पडणारा प्रकाशही बराचसा त्याच दिशेत ध्रुवित राहतो. पण जवळच, त्याच रंगाचा दुसरा रेणू असेल आणि पहिल्याने ऊर्जा त्याला दिली असेल, तर? दुसऱ्याचे तोंड भलत्याच दिशेला असते. प्रकाशाचा रंग तोच राहतो, तीव्रताही तीच राहते; फक्त दिशेची शिस्त मोडते. एकाच रंगाच्या रेणूंमधील ही देवघेव दुसऱ्या कोणत्याही खुणेने ओळखू येत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या वाटेवर दोन ध्रुवक ठेवून, उभ्या आणि आडव्या दिशेतील प्रकाश वेगवेगळा मोजून, त्यांच्या तुलनेतून ती ओळखावी लागते.

एवढ्याने मात्र गट सिद्ध होत नाही, कारण नुसत्या गर्दीतही धक्के लागतातच. खरी कसोटी तुलनेची आहे. जत्रेचे उदाहरण घ्यावे. माणसे एकएकटी फिरत असतील, तर सकाळच्या विरळ जत्रेत कोणाचा कोणाला स्पर्श होणार नाही आणि संध्याकाळच्या गर्दीत पावलोपावली होईल. पण माणसे मुलाबाळांचे हात धरून कुटुंबाने आली असतील, तर जत्रा विरळ असो की दाट, हातात हात असतोच. वर्मा आणि मेयर यांनी फॉलिक आम्लाचेच एक उजळणारे रूप वापरले. ते छोटे असते आणि आपल्या ग्राहक प्रथिनालाच जाऊन बसते, त्यामुळे थोराड प्रतिपिंडांचा अडथळा राहत नाही. मग काही पेशींवर प्रथिने थोडी, काहींवर पुष्कळ, अशा अनेक पेशी त्यांनी मोजल्या. ध्रुवण कमी होते, आणि विरळ पेशींवरही ते तितकेच कमी होते. त्याच प्रथिनाचा नांगर काढून त्याला पटलाच्या आरपार जाणारा खुंटा दिल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. पेशीतले कोलेस्टेरॉल कमी केल्यावरही नाहीसा झाला. हातात हात होते, आणि ते नांगरामुळे होते.

तरीही बाल्टिमोरच्या मोजमापाचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर मिळायला सहा वर्षे लागली, आणि विज्ञानात सहा वर्षे काही फार नव्हेत. 2004 मध्ये मेयर, त्यांचे सहकारी आणि सैद्धांतिक भौतिकीचे अभ्यासक मदन राव यांनी मिळून दाखवले की गट कल्पनेपेक्षा फार लहान आहेत. रंगद्रव्य तीव्र प्रकाशात हळूहळू निकामी करत गेले, तर देवघेव करणारे शेजारी कमी-कमी होत जातात आणि ध्रुवण वाढत जाते. ते कोणत्या वळणाने वाढते यावरून गटात किती सदस्य आहेत हे काढता येते. निष्पन्न असे झाले की 20 ते 40 टक्के प्रथिने गटांत असतात, एका गटात फार तर चार, आणि उरलेली एकएकटी फिरतात. चौघांच्या गटात दोन वेगळे रंग नेमके शेजारी येण्याची शक्यता बेताचीच, आणि त्यात सभोवती बहुसंख्य एकटे. दोन रंगांच्या मोजपट्टीला हे गट जवळजवळ अदृश्यच राहणार होते. एडिडिन यांचे मोजमाप चुकलेले नव्हते. त्यांनी सांगितलेला 'थोडासा अंश' हाच खरा मुद्दा होता. आणि तराफ्यांचे जे मोठे, ऐसपैस चित्र रंगवले गेले होते, तेही या मोजमापात टिकले नाही. चार प्रथिनांच्या पुंजक्याला तराफा म्हणणे जरा अतिशयोक्तीचेच आहे.

पण एक अडचण सुटताना दुसरी उभी राहिली. ज्या निरीक्षणाने गट सिद्ध केले, तेच भौतिकीच्या दृष्टीने विचित्र होते. रसायनशास्त्राचा साधा नियम असा, की सुटे रेणू आणि जोडलेले रेणू समतोलात असतील, तर एकूण संख्या वाढवल्यावर जोडलेल्यांचे प्रमाण वाढले पाहिजे. इथे पृष्ठभागावरील प्रथिने कितीही वाढवली, तरी गटांतील आणि एकट्या प्रथिनांचे प्रमाण तेच राहत होते. याचा अर्थ हे गट आपोआप जमत नव्हते. कोणीतरी त्यांना जमवत होते आणि मोडतही होते.

ते कोण, हे 2008 मध्ये स्पष्ट झाले. पटलाच्या आतल्या बाजूला अॅक्टिन नावाच्या प्रथिनतंतूंचे जाळे असते. पेशीच्या पृष्ठभागावर जिथे फुग्यासारखा उंचवटा येऊन पटल या जाळ्यापासून सुटते, तिथे गट सापडेनात. जाळ्याचे काम थांबवले की गटांची घडमोड बिघडे. 2012 मधील कामात गणित आणि प्रयोग यांच्या मेळातून असे चित्र पुढे आले, की अॅक्टिनचे आखूड तंतू मायोसिनच्या जोरावर, म्हणजे पेशीची ऊर्जा खर्च करून, ताऱ्यासारख्या आकृत्यांत एकत्र येतात आणि वरची प्रथिने आपल्याबरोबर ओढून आणतात. 1970 च्या प्रयोगात ऊर्जा तोडल्यावरही प्रथिने मिसळत राहिली होती. ते आजही खरे आहे. भटकणे फुकट आहे; एकत्र राहण्याला मात्र पेशी किंमत मोजते.

एक कोडे तरीही शिल्लक होते, आणि श्रोत्यांपैकी काहींच्या मनात ते एव्हाना आलेही असेल. नांगर तर बाहेरच्या थरातच अडकलेला, आणि अॅक्टिन आतल्या बाजूला. मधल्या भिंतीतून हात पोहोचतो कसा? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे उत्तर मेदांच्या लांबीत सापडले. आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचे मेदद्रव्य असते. त्याची लांब शेपटी आणि बाहेरच्या नांगराची लांब शेपटी पटलाच्या मध्यावर एकमेकींत गुंततात, आणि कोलेस्टेरॉल तो गुंता सांभाळते. अॅक्टिन आतल्या मेदाला ओढते, मेद नांगराला. शेपट्या आखूड असतील, तर ही ओढ वर पोहोचत नाही.

या साऱ्याचा पेशीला उपयोग काय, असे कोणी विचारील. पेशी एखाद्या पृष्ठभागावर टेकते, तेव्हा इंटेग्रिन नावाची प्रथिने त्या जागेला धरतात आणि आत निरोप धाडतात. त्या निरोपाने अॅक्टिन कामाला लागून हे चिमुकले गट घडवते, असे 2019 मध्ये बेंगळुरूच्याच प्रयोगशाळेने दाखवले. ज्या पेशींमध्ये हे गट घडूच दिले नाहीत, त्या पेशी टेकल्या, पण त्यांना नीट पसरता आले नाही.